नोकरीचा तास आणि मशीनचा तास

रानातून, कंपनीतून, शाळेच्या स्वयंपाकावरून दमून आलेल्या आणि आता भाकरी थापता थापता रेडिओ ऐकणाऱ्या सगळ्याजणींना आमच्या गटाचा नमस्कार.

मागच्या महिन्यात केंद्रावर एका ताईचा फोन आला होता. तिनं विचारलं, "मी कंपनीत पॅकिंगला जाते. मला शिवण येतं. नोकरी करून घरी शिलाईचं काम सुरू केलं तर जमेल का? की नोकरी सोडून पूर्ण वेळ मशीनवरच बसू?" हा प्रश्न आमच्याकडे आला, कारण आम्ही यातून गेलोय.

आमचा गट बारा जणींचा. त्यातल्या पाच जणी एमआयडीसीत कामाला जातात. पाचांतल्या तिघींनी नोकरी सांभाळून शिवणकाम सुरू केलं. आज त्यातली एक नोकरी सोडून पूर्ण वेळ शिवते. दुसरी नोकरीही करते आणि संध्याकाळी मशीनही चालवते. तिसरीनं मशीनला कापड झाकून ठेवलं आणि नोकरीच चालू ठेवली. तिघींचंही आज ठीक चाललंय, आणि तिसरी हरली असं आम्ही कुणी म्हणत नाही. तिघींनी तीन वाटा का धरल्या, ते आज सांगायचं आहे.

पण आधी आमच्या चुकीबद्दल सांगतो.

एकोणीस ब्लाउजांची लग्नसराई

तुळशीचं लग्न लागलं आणि गावात लग्नांच्या तारखा निघाल्या. आमच्यातल्या एकीकडे भावकीतल्या लग्नाचे ब्लाउज आले. आधी सहा, मग नवरीच्या मावशीचे चार, मग शेजारणीचे. "तू घरचीच आहेस, तुझ्याकडे नाही देणार तर कुणाकडे?" असं म्हटल्यावर नाही कसं म्हणायचं? बघता बघता एकोणीस झाले. दिवसा आठ तास कंपनी, येण्याजाण्याचे दोन तास, घरी आल्यावर स्वयंपाक, आणि रात्री दहा ते दोन मशीन. असं अकरा दिवस चाललं.

बाराव्या दिवशी कंपनीत पट्ट्यावर काम करताना तिला डुलकी लागली. शेजारच्या बाईनं दंड धरून मागे ओढलं म्हणून हात वाचला. त्या दिवशी ती घरी आली आणि ब्लाउजांच्या गठ्ठ्याकडे बघून रडली. पाच ब्लाउज लग्नानंतर दिले गेले. त्यातल्या दोघींनी पैसे दिलेच नाहीत, आणि तिनंही तोंड वर करून मागितले नाहीत. एक ना धड भाराभर चिंध्या, ही म्हण आपण सहज बोलून जातो. त्या आठवड्यात ती आम्हाला खरी कळली.

नंतर गटाच्या बैठकीत आम्ही विचारलं, "इतकं करून मिळालं किती?" तिला सांगता येईना. आलेले पैसे घरात खर्च झाले होते, आणि किती तास घातले याची नोंद नव्हती. तेव्हा आमच्यातल्या दहावी झालेल्या एकीनं वहीचं कोरं पान काढलं. त्या पानावरचा हिशेब आज तुम्हाला सांगतो.

नोकरीच्या तासाचा भाव

नोकरी करणाऱ्या बाईला एक मोठा फायदा असतो, आणि तो तिच्या ध्यानात येत नाही. तिच्या कामाच्या तासाला भाव आधीच ठरलेला असतो. घरी बसून शिवणारीला "माझा तास कितीचा?" याचं उत्तर माहीत नसतं. नोकरीवालीकडे मोजायला माप आहे. फक्त ते नीट काढायला हवं.

समजा पगार १२,००० रुपये आहे. हिशेब सोपा जावा म्हणून सगळा मूळ पगार आहे असं धरू. त्यातून भविष्य निर्वाह निधीचे, म्हणजे पीएफचे, १२ टक्के कापले जातात, ते १,४४० रुपये. ईएसआयचे पाऊण टक्का, म्हणजे ९० रुपये. हातात येतात १०,४७० रुपये.

आपण म्हणतो, "माझा पगार साडेदहा हजार." पण कापलेले १,४४० कुठे गेलेले नाहीत, ते आपल्याच खात्यात आहेत. शिवाय तेवढेच १,४४० कंपनी भरते, त्यातला मोठा भाग पेन्शनच्या खात्यात जातो. ईएसआयसाठी कंपनी आणखी सव्वातीन टक्के भरते, म्हणजे ३९० रुपये. आजारपणात, बाळंतपणात दवाखाना मिळतो तो यातून. सगळं मिळून आपल्या महिन्याच्या कामाची खरी किंमत १२,००० अधिक १,४४० अधिक ३९०, म्हणजे १३,८३० रुपये होते.

आता तास मोजू. महिन्याचे २६ दिवस, रोज आठ तास काम आणि दोन तास गाडीची वाट बघण्यात आणि प्रवासात. म्हणजे २६० तास. १३,८३० ला २६० नं भागलं की तासाला ५३ रुपये येतात. तुमचा पगार वेगळा असेल, प्रवास वेगळा असेल, तर तुमचा आकडा वेगळा येईल. पण हा आकडा काढून चुलीमागच्या भिंतीवर खडूनं लिहून ठेवा.

एक सांगायचं राहिलं. ठेकेदाराकडून कामाला असाल तरी पीएफ आणि ईएसआय लागू होऊ शकतं. पगाराच्या चिठ्ठीवर कपात दिसते, पण खात्यात भरणा झालाय का हे बघायला हवं. आपला यूएएन नंबर मोबाईलला जोडून घ्या आणि पासबुक उघडून बघा. आमच्यातल्या एकीनं तसं बघितल्यावर तीन महिन्यांचा भरणा झालाच नसल्याचं कळलं. विचारल्यावर तो भरला गेला.

मशीनच्या तासाचा भाव

आता तोच हिशेब ब्लाउजाचा. समजा अस्तराच्या ब्लाउजाची शिलाई २५० रुपये घेतो, अस्तर आपलं. अस्तराचे ५५ गेले. दोरा, हुक, गळ्याचा कॅनव्हास मिळून १५. विजेचे ५. मशीनला तेल, सुया, कधी बेल्ट, कधी दुरुस्ती, त्यासाठी दर ब्लाउजामागे १० बाजूला. असे ८५ वजा केले की उरतात १६५ रुपये.

पहिल्यांदा आम्ही इथंच थांबलो आणि खूश झालो. "एका ब्लाउजात १६५ सुटतात!" पण वेळ? आमची म्हणायची, "दीड तासात उरकते मी." मग तिनं आठवडाभर घड्याळ लावून लिहिलं. गिऱ्हाईक आलं, बसलं, माप घेतलं, गळ्याचं चित्र मोबाईलवर दाखवलं, चहा झाला, पाऊण तास. कटिंगला अर्धा तास. शिलाई दीड तास. हेमिंग आणि हुक-लूप पाऊण तास. बाही घट्ट झाली म्हणून उसवून परत शिवायला अर्धा तास. बेरीज चार तास. १६५ ला चारनं भागलं तर तासाला ४१ रुपये.

भिंतीवर ५३ लिहिलेले, आणि मशीनवर ४१. म्हणजे झोप मोडून जे काम करत होतो, ते कंपनीच्या कामापेक्षा स्वस्तात चाललं होतं.

मैत्रिणींनो, याचा अर्थ धंदा करू नये असा नाही. आधी तास सुधारायचा आणि मग काम वाढवायचं. आम्ही ते कसं केलं ते ऐका.

पहिलं, माप घ्यायला आठवड्यातला एकच दिवस आणि एकच वेळ ठरवली. आमची सुट्टी गुरुवारी असते. गुरुवारी दहा ते बारा. बाकी दिवशी कुणी आलं तर चहा जरूर, पण माप गुरुवारीच.

दुसरं, नेहमीच्या गिऱ्हाइकाचं कटिंग एकदा जाड खाकी कागदावर कापून, नाव घालून खिळ्याला अडकवलं. पुढच्या वेळी फक्त एक चांगला बसणारा जुना ब्लाउज मागवायचा आणि कागद ठेवून कापायचं. बरोबर न बसण्याच्या तक्रारी कमी झाल्या, उसवणं कमी झालं.

तिसरं, एका बैठकीत एकच काम. एका दिवशी तीन ब्लाउजांचं कटिंग, दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या बाह्या, तिसऱ्या दिवशी जोडणी. एकाच रंगाचा दोरा लागणारे कपडे एकापाठोपाठ घेतले की सारखी बॉबिन बदलावी लागत नाही.

चौथं, हेमिंग आणि हुक-लूपचं काम गटातल्याच एका मावशींना दिलं, ब्लाउजामागे २५ रुपये. त्यांचे गुडघे दुखतात, रानात जाता येत नाही, पण हात बारीक कामाला चांगला. त्यांना घरबसल्या काम मिळालं.

आता एका ब्लाउजाला अडीच तास लागू लागले. १६५ मधून मावशींचे २५ गेले, उरले १४०. अडीचनं भागलं तर तासाला ५६. भिंतीवरच्या ५३ च्या पुढे गेलो! मग वेळेवर काम मिळतंय हे गावाला कळल्यावर शिलाई २९० केली. उरतात १८०, तासाला ७२ रुपये. दर वाढवल्यावर चार गिऱ्हाइकं गेली. त्यातल्या दोन परत आल्या.

ज्या तिसरीनं मशीन झाकून ठेवलं, तिचा तास इतकं सगळं करूनही ४० च्या वर गेला नाही. तिचा हात हळू होता आणि पाठ दुखायची. तिनं सहा महिने नीट लिहून बघितलं आणि ठरवलं, "माझी विश्रांती याहून महाग आहे." आम्हाला वाटतं, तिनं वही नीट वाचली.

सातवा ब्लाउज घ्यायचा नाही

आता वेळ कुठून काढायचा? नोकरीवालीकडे रोजचे फार तर दोन तास आणि सुट्टीच्या दिवशी चार-पाच. सणवार, आजारपण, पाहुणे धरले तर आठवड्याचे पंधरा तास खरे. अडीच तासांच्या हिशेबानं सहा ब्लाउज. म्हणून आमचा नियम असा की आठवड्याला सहाच घ्यायचे. सातव्या बाईला पुढच्या आठवड्याची तारीख द्यायची. भिंतीवरच्या कॅलेंडरवर सहा नावं भरली की तो आठवडा बंद. "बघ ना, जागाच नाही," असं कॅलेंडर दाखवून सांगितलं की भावकीही ऐकते. तोंडानं नाही म्हणणं अवघड जातं, कागद दाखवणं सोपं पडतं.

रात्री साडेदहानंतर मशीन बंद, हा दुसरा नियम. झोप मोडून शिवलेली शिवण वाकडी जाते, आणि दुसऱ्या दिवशी कंपनीत जीवाशी खेळ होतो.

पंधरा तास काढायचे तर घरातलं पंधरा तासांचं काम दुसऱ्या कुणीतरी उचलायला हवं. ते आपोआप होत नाही, बोलावं लागतं. आमच्यातल्या एकीनं घरात सगळ्यांना बसवून ५३ आणि ७२ चा हिशेब दाखवला. सासूबाईंना आकडे पटकन कळले. त्या म्हणाल्या, "मग संध्याकाळची भाजी माझ्याकडे. पण फॉल-पिकोचे पैसे माझ्या हातावर." आता साड्यांचे फॉल त्या लावतात. नवरा पाणी भरतो आणि पोरांना शाळेत सोडतो. सगळ्या घरांत असं होईल असं आम्ही म्हणत नाही. पण घरच्यांनी काहीच उचललं नाही, तर तो धंदा तुमच्या झोपेतून चालतो. मग सहाऐवजी तीनच ब्लाउज घ्या.

नोकरीवालीनं कोणतं काम घ्यावं, हेही बघा. नवरीचा ब्लाउज मोठ्या पैशांचा, पण तारीख मोडता येत नाही. साडीला फॉल-पिको, परकर, उशांचे अभ्रे, जुन्या कपड्यांची दुरुस्ती, यात मापाची भांडणं कमी आणि दोन दिवस पुढं-मागं चालतात. सुरुवात अशा कामानं करा. जूनमध्ये शाळेचे गणवेश, गौरी-गणपतीला आणि दिवाळीला गर्दी, मग लग्नसराई. पितृपक्षात आणि पौषात मशीन थंड असतं. कंपनीतली हक्काची रजा गर्दीच्या आठवड्यांसाठी जपून ठेवा.

दोन डबे, दोन वह्या

पगार आणि शिलाई एका डब्यात पडले की दोन्हीचा हिशेब मोडतो. शिलाईसाठी वेगळं बँक खातं ठेवा, निदान वेगळा डबा. फोनवरून येणारे पैसे त्याच खात्यात घ्या. पहिले सहा महिने त्या पैशांतून घरखर्च करायचा नाही. आधी दोरा-अस्तर, मग मशीनची दुरुस्ती, मग बचत. घर पगारावर चालतंय तोवरच हे करता येतं. नोकरी असताना धंदा सुरू करण्याचा सगळ्यात मोठा फायदा हाच की पोटाची घाई नसते.

उधारीबद्दल. माप देतानाच निम्मे पैसे घ्यायचे आणि उरलेले कपडा हातात देताना. कंपनीतल्या मैत्रिणी पगाराच्या दिवशी देतात, तर त्यांची तारीख पगाराच्या दिवसाचीच लिहा. आणि एक पक्कं ध्यानात ठेवा, कंपनीच्या वेळात माप नाही, गिऱ्हाइकाचा फोन नाही, कंपनीतली दोऱ्याची रिळंसुद्धा पिशवीत नाही. दुसऱ्याच्या तासाचे पैसे घेऊन आपला धंदा केला, तर बोलणं खावं लागतं आणि नोकरीही जाते.

कर्जाबद्दल आमचं मत साधं आहे. हप्ता पगारातून झेपेल तेवढंच कर्ज घ्या. शिलाईतून फिटेल या भरवशावर पहिल्या वर्षी कर्ज घेऊ नका. पहिलं मशीन जुनं चालतं. घेताना मात्र दोन पदरी आणि चार पदरी कापडावर शिवून बघा, वरचा आणि खालचा टाका दोन्हीकडून सारखा येतो का बघा, चाक हातानं फिरवून खडखड ऐका. गटाच्या अंतर्गत कर्जातून एवढं भागतं. पुढे इंटरलॉक, पिको मशीन घ्यायचं झालं, तर मुद्रा योजनेतलं शिशू कर्ज ५०,००० रुपयांपर्यंत तारणाशिवाय मिळतं. ही योजना २०१५ पासून आहे.

कागद आधी वाचा

शिवायला बसण्याआधी आपलं नेमणूकपत्र काढून वाचा. वाचता येत नसेल तर मुलीकडून वाचून घ्या. काही ठिकाणी "दुसरा व्यवसाय करणार नाही" अशी अट असते. तशी अट असेल तर साहेबांना लेखी विचारा. सरकारी नोकरीत असाल, तर महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू होतात आणि पूर्वपरवानगीशिवाय खासगी धंदा करता येत नाही. मानधनावरच्या अंगणवाडीताई आणि आशाताईंनीही आपल्या कार्यालयात विचारून घ्यावं.

उद्यम नोंदणी करून घ्या. सरकारच्या संकेतस्थळावर ती फुकट होते, आधार आणि पॅन लागतं. कुणी हजार-दोन हजार मागितले तर ती सरकारी फी नाही, हे पक्कं समजा. जीएसटीची काळजी करू नका, आपल्या शिवणकामाची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत आहे तोवर नोंदणी लागत नाही. आयकराचं मात्र एक ध्यानात असू द्या. पगार आणि शिलाई, दोन्ही मिळकती एकत्र धरल्या जातात, आणि फक्त पगारवाल्यांचा सोपा फॉर्म धंद्याच्या मिळकतीला चालत नाही. विवरणपत्र भरत असाल तर भरून देणाऱ्याला शिलाईचं सांगा.

शिकायचं असेल तर जिल्ह्यात बँकांनी चालवलेली ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था असते. तिथं शिवणाचं प्रशिक्षण मोफत मिळतं, राहणं-जेवणासकट. पण तो वर्ग साधारण महिनाभराचा आणि पूर्ण वेळचा. नोकरीतून महिनाभर रजा मिळेल का, हे आधी बघा. पीएम विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. तिच्यातल्या १८ व्यवसायांत शिवणकाम आहे. प्रशिक्षणाच्या दिवसांना रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत आणि ५ टक्के व्याजानं कर्ज, असे तिचे फायदे. पण कुटुंबातल्या एकालाच लाभ मिळतो, सरकारी नोकरीतल्या घराला मिळत नाही, आणि स्वतःचा तो व्यवसाय आहे असं लिहून द्यावं लागतं. नोकरी करत असाल तर आपण बसतो का आणि अर्ज चालू आहेत का, हे ग्रामपंचायतीत विचारा. खोटं लिहून सही करू नका.

नोकरी कधी सोडायची?

आता फोनवरच्या ताईचा खरा प्रश्न. आमच्यातल्या दोघींचा तास ७२ रुपयांवर गेला. मग दोघींनी नोकरी का सोडली नाही?

कारण तास परवडतो, एवढ्यानं भागत नाही, तेवढं कामही हवं. नोकरीची खरी किंमत १३,८३० रुपये. एका ब्लाउजामागे १८० सुटतात. १३,८३० ला १८० नं भागा, ७७ येतात. म्हणजे महिन्याला ७७ ब्लाउज, रोजचे तीन. दर महिन्याला, पितृपक्षात आणि पौषातसुद्धा. आपल्या गावात एवढे ब्लाउज आहेत का? आणि गावात आधीच शिवणाऱ्या चौघी आहेत, त्यांचं काय?

जिनं नोकरी सोडली, तिला तालुक्याच्या साडीच्या दुकानाकडून बारमाही फॉल-पिको मिळालं आणि दोन शाळांचे गणवेश मिळाले. तरी तिनं लगेच सोडली नाही. वर्षभराची वही भरली, बाराही महिन्यांची. सरासरी १३,८३० च्या वर गेली. सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत ठेवला. मगच राजीनामा दिला. दुसरीच्या वहीत तीन महिने भरलेले आणि नऊ महिने निम्मे. ती म्हणाली, "मला दोन्ही बरं. पगारावर घर, शिलाईवर पोरीचं शिक्षण." हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं नाही, हे तिनं वही बघून ठरवलं.

सोडण्याआधी आणखी तीन गोष्टी तपासा. पीएफमधल्या पेन्शनला १० वर्षांची नोकरी लागते. नऊ वर्षं झाली असतील तर एक वर्ष थांबा. घरात बाळ येणार असेल, तर ईएसआयमध्ये अटी पूर्ण झाल्यास २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा मिळते, ती आधी घ्या. आणि नोकरी सुटली की विम्याचं छत्र जातं. म्हणून बँकेतून वर्षाला २० रुपयांचा अपघात विमा आणि ४३६ रुपयांचा जीवन विमा, दोन्ही चालू आहेत ना, ते बघा. अटल पेन्शन योजनेत ४० वर्षांपर्यंत नाव घालता येतं.

फोनवरच्या ताई, नोकरी सोडू की नको हे आम्ही सांगणार नाही. आज रात्री पगाराची चिठ्ठी काढा आणि आपल्या तासाचा आकडा भिंतीवर लिहा. उद्यापासून मशीनवर बसताना आणि उठताना वहीत वेळ लिहा. एक लग्नसराई, एक पितृपक्ष, एक पौष त्या वहीत येऊ द्या. मग वही घेऊन आमच्या बैठकीला या. दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी दुपारी दोन वाजता आम्ही समाजमंदिरात बसतो. दाराशी चपला दिसतील, तिथंच.

आणि हो, पट्ट्यावरून हात ओढून वाचवणारी ती शेजारची बाई, तिच्या लेकीचं लग्न यंदा मार्गशीर्षात आहे. कॅलेंडरवर तिचं नाव आम्ही आताच लिहून ठेवलंय. एक पूर्ण आठवडा तिचा.

सगळ्याजणींना नमस्कार.